सीलवर आळ

सोलापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो आणि साखर कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. म्हणजे रान पुरते वाळायच्या आत फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर, जुन्या जीपा आणि पिकअप उसाच्या फडात शिरतात. काळी माती ओली असताना चाकाला लगडते आणि वाळली की हबभोवती घट्ट कवच धरते. हंगामाच्या तोंडावर पुढच्या एक्सलमधून तेल ठिबकू लागले, की उपाय ठरलेला असतो: जुने ऑइल सील उपटायचे, त्यावरचा नंबर स्पेअर पार्टच्या दुकानात दाखवायचा, नवे ठोकायचे. थोड्याच दिवसांत पुन्हा थेंब दिसला, तर दोष ‘डुप्लिकेट माला’ला. माझे म्हणणे असे की बऱ्याचदा सील हा आरोपी नसून साक्षीदार असतो. एक्सल उघडून शाफ्ट पाहिल्याशिवाय कोणते सील घ्यायचे हे ठरवताच येत नाही.

सीलचे काम नीट पाहिले, की हे पटते. रबराची लिप शाफ्टवर कोरडी घासत नाही. बारीक गोल स्प्रिंग तिला दाबून धरते आणि मध्ये जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा तेलाचा पापुद्रा राहतो. तो टिकायचा तर शाफ्ट गुळगुळीत हवा, पण आरशासारखाही नको. त्याचा सरासरी खडबडीतपणा साधारण 0.2 ते 0.8 मायक्रॉन असावा लागतो. मातीचा कण लिपखाली शिरला की रबरात रुतून बसतो आणि पॉलिश पेपरचे काम करतो. झिजते ते पोलाद. नखाला लागेल एवढी चरी शाफ्टवर पडली असेल, तर कितीही महाग सील त्या चरीत उतरून गळणारच. यावर सोपे उत्तर म्हणजे नवे सील मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढेमागे बसवणे, म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येते. अर्थात सील बसते त्या घरात तेवढी जागा हवी. जागा नसेल तर साधारण 0.28 मिलिमीटर जाडीची स्टीलची स्लीव्ह शाफ्टवर चढवता येते, आणि सीलचे माप तेच राहते. ट्रॅक्टरच्या पुढच्या हबमध्ये हल्ली कॅसेट सील येते. त्यात लिप आणि तिच्या खालचा पृष्ठभाग एकाच डबीत असतो. नुसते रबर बदलून भागत नाही, हे बनवणाऱ्यांनी केव्हाच मान्य केले आहे.

‘त्यापेक्षा व्हायटॉनचे सील घ्या,’ म्हणजे उष्णता सोसणाऱ्या महाग रबराचे, असा सल्ला मिळतो. हिशेब करून पाहू. ताशी 80 किलोमीटरने धावणाऱ्या पिकअपचे चाक सेकंदाला दहा-अकरा फेरे घेते. शाफ्ट 35 मिलिमीटर जाड धरला, तर लिपखालून सेकंदाला फार तर 1.2 मीटर पृष्ठभाग सरकतो. एवढ्या संथ घर्षणात शंभर अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारे साधे नायट्राइल पुरून उरते. व्हायटॉन दोनशे अंश सोसते खरे, पण इथला शत्रू उष्णता नसून माती आहे. तेव्हा जादा पैसे टाकायचेच तर बाहेरच्या बाजूला धुळीची वेगळी लिप असलेल्या सीलवर टाकावेत. (पिनियनचे सील चाकापेक्षा तीन-चार पट वेगाने फिरणाऱ्या शाफ्टवर बसते; तिथला विचार वेगळा.)

दुसरा दुर्लक्षित गुन्हेगार ब्रीदर, म्हणजे एक्सलमधल्या हवेची ये-जा होणारे छोटे तोंड. बंद एक्सलमधली हवा 25 अंशांवरून 80 अंशांवर गेली, तर तिचा दाब सुमारे अठरा टक्क्यांनी वाढतो. हा दाब ब्रीदरमधून निघून जायला हवा. चिखलाने तो बुजला, की तेल लिप ओलांडून बाहेर येते. तापलेला एक्सल ओढ्याच्या पाण्यात उतरला तर उलटे घडते: हवा आकसते, आणि लिप पाणी आत ओढते. मग गिअर ऑइल दुधाळ दिसते. जुन्या विलीज बनावटीच्या जीपमध्ये तर थेंब दिसतो एकीकडे आणि दोष असतो दुसरीकडे. एक्सलच्या नळीतले आतले सील गेले, की गिअर ऑइल नकलच्या गोळ्यात भरते आणि बाहेरच्या नमद्यातून ठिबकते. बदलला जातो तो नमदा. हबचे बेअरिंग ढिले असेल तर शाफ्ट डुलतो आणि नवी लिपही एका बाजूने उघडी पडते.

हंगामात गाडी उभी ठेवायला वेळ कुणाला, हा आक्षेप मात्र खरा आहे. खेपा बुडाल्या तर मजुरी बुडते. पण ब्रीदर उघडून फुंकर मारायला आणि चाक उचलून हलवून पाहायला गाडी खोलावी लागत नाही. ती तपासणी आधी करावी. एक्सल उघडलाच, तर शाफ्टवरून नख फिरवायला मिनिटही लागत नाही. जुन्या जीपच्या पुढच्या चाकांत ड्रम ब्रेक असतात. तिथे तेल लायनरपर्यंत पोचले की ब्रेक एका बाजूला ओढू लागतो, तेव्हा चालढकल करण्यात अर्थ नाही.

बसवताना घाई नडते. सीलचा स्प्रिंगवाला भाग तेलाच्या बाजूला हवा. स्प्लाइनच्या धारेवर टेप गुंडाळावी, नाहीतर लिप बसण्याआधीच फाटते. लिपला तेल लावावे, आणि दोन लिपांमधल्या पोकळीत थोडे ग्रीस भरावे. सीलवर थेट हातोडी नको. बाहेरच्या व्यासाला जुळणारा पाइपचा तुकडा चौफेर सारखा टेकवून हळू ठोकावे. कड तिरकी गेली तर ते सील फेकून नवे घ्यावे. शेवटी तेल पातळीच्या भोकापर्यंतच भरायचे, कारण जास्त तेल म्हणजे हवेला कमी जागा आणि ब्रीदरवर जास्त भार.