पायाखालची जवारी

वाद्य वाजविणे ही एक विद्या आणि ते लावणे ही दुसरी. पहिलीला टाळ्या मिळतात. दुसरी बहुधा पडद्यामागेच राहते. आमचे वडील कोल्हापूर दरबारच्या सेवेत होते. संस्थान १९४९ साली विलीन झाले, आणि मी त्यांच्या उतारवयातला मुलगा, त्यामुळे दरबार मी पाहिला नाही. दरबारी शिस्त मात्र घरात पुष्कळ पाहिली. त्यांच्या बैठकीला तंबोऱ्यांच्या दोन जोड्या निघत. एक पंचमात लावलेली, दुसरी मध्यमात. मालकंसाला पंचम वर्ज्य. तेव्हा आयत्या वेळी खुंट्या पिळीत श्रोत्यांस ताटकळत ठेवण्यापेक्षा दुसरी जोडी भिंतीशी टेकवून तयारच ठेवावी, हा त्यांचा शिरस्ता.

ही दुसरी जोडी मला गेल्या दिवाळीच्या सुटीत एका निराळ्याच रूपात भेटली. ती होती ॲल्युमिनियमच्या डब्यात, आणि तो डबा होता कुळगीला.

कुळगी हे उत्तर कन्नड जिल्ह्यातले गाव. दांडेलीहून अंबिकानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात. वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे सहलीच्या मंडळींना ते ठाऊक आहे. आमच्याकडे दोन वर्षे पलटे घोटून गेलेला एक तरुण त्या बाजूच्या वाडीत राहतो. शिक्षणाने वायरमन, पोटासाठी मोटारींचे वाइंडिंग करतो आणि एकादशीला भजनी मंडळात गिटार वाजवितो. अभंगाला गिटार! पण नाक मुरडण्याआधी हार्मोनियमचे मूळ गाव कोणते, ते आठवावे.

अडचण निराळीच होती. अभंग संथ चालीत असतो तेव्हा गिटारचा स्वर मऊ, टाळांच्या मागे राहणारा हवा. गजर सुरू झाला की तोच स्वर लांब टिकणारा, थोडा खरखरीत आणि मोठा हवा. हे काम गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडलेली पेडलची पेटी करते. ती त्याने स्वतः बांधली होती. परंतु वाजविताना दोन्ही हात गुंतलेले. खाली वाकून बटण पिळणार कोण? म्हणून त्याने दोन बटणे बसविली, एक अभंगाचे, एक गजराचे, आणि पायाने दाबायच्या स्विचवर त्यांची अदलाबदल ठेवली. कल्पना उत्तम. मात्र प्रत्येक अदलाबदलीला कर्ण्यातून असा दणका निघे की पखवाजवाला दचकून ठेका सोडी. आणखी एकदा असे झाले तर गिटार घरी ठेवायची, असे मंडळातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला बजावले होते.

आता थोडे या पेटीविषयी. विजेच्या गिटारची ही खरखर जन्मली ती बिघाडातून. मार्टी रॉबिन्सच्या १९६१ सालच्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण नॅशव्हिलला झाले, तेव्हा यंत्राच्या एका बिघडलेल्या भागातून गिटारचा स्वर फाटून आला. तो तसाच ठेवला आणि लोकांना आवडला. १९६२ साली गिब्सन कंपनीने तोच फाटका स्वर मुद्दाम काढणारी पेटी ‘फझ-टोन’ या नावाने बाजारात आणली. फाटका म्हणजे काय, तर लहरीचा माथा छाटलेला. माथा छाटला की मूळ स्वरात त्याचेच वरचे उपस्वर मिसळतात आणि स्वर दाट होतो. आपल्या तंबोऱ्याची जवारी निराळ्या वाटेने तेच साधते: घोडीच्या किंचित बाकदार पृष्ठावर तार टेकते, निसटते आणि उपस्वर फुलतात. फरक एवढाच की या पेटीत दोन स्वर एकत्र घातले तर त्यांचा चिखल होतो. अपवाद षड्ज-पंचमाचा, ते एकमेकांत बेमालूम बसतात. एकेका स्वराने चालणाऱ्या आपल्या गायकीला ही पेटी परकी वाटण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे. असो.

पेटीवरचे बटण म्हणजे पोटेन्शिऑमीटर. दुरुस्तीवाले त्याला नुसते पॉट म्हणतात. आत कार्बनची कमानदार पट्टी, तिची दोन टोके बाहेर काढलेली, आणि मधले तिसरे टोक पट्टीवरून सरकणाऱ्या हाताचे. सतारीच्या तारेवर बोट सरकावे तसा तो हात सरकतो आणि विजेच्या वाटेतला अडथळा कमीजास्त होतो.

आमच्या वायरमनच्या पेटीत अशा पॉटकडे दोन कामे होती आणि दणक्याचे मूळ त्यांच्या फरकात होते. एक काम आवाज लहानमोठा करण्याचे. दुसरे, स्वर किती फाटावा हे ठरविण्याचे. हे दुसरे पॉट लगामासारखे असते: मोठा झालेला स्वर थोडा मागे आणून ते वर्धकाला आवरून धरते. साधा स्विच एक वाट सोडून दुसरी धरतो, आणि सोडणे व धरणे यांमध्ये क्षणभर कोणतीच वाट जोडलेली नसते. आवाजाच्या पॉटला याचे काही नाही. क्षणभर स्वर थांबतो, तो कानालाही कळत नाही. पण लगामाचा दोर तेवढ्या क्षणापुरता तुटला की घोडा उधळतो. वर्धक आपले सगळे बळ एकदम बाहेर टाकतो, तोच दणका.

उपाय मुलानेच काढला, आणि तो सांगण्यासाठीच मुख्यतः हा लेख. लगामाची दोन पॉट एकाआड एक न निवडता त्याने ती एकापुढे एक जोडली. पहिले अभंगाचे, दुसरे त्यापुढे गजराचे. स्विचचे काम एवढेच की अभंगाच्या वेळी दुसऱ्या पॉटची दोन टोके एकमेकांना जोडून त्याला वाटेतून वगळायचे. स्विच उघडला की दुसऱ्याचा अडथळा पहिल्यात मिळतो आणि स्वर फाटू लागतो. वाट कोणत्याही क्षणी तुटत नाही. या जोडणीत गजराचा स्वर अभंगाहून कमी फाटका कधीच करता येत नाही, ही तिची मर्यादा. पण तो तसा हवाय कोणाला?

पायाच्या स्विचला नऊ पाय, तीन-तीनच्या तीन रांगा. एक रांग लगामाला. दुसरी आवाजाच्या दोन पॉटांना: त्यांची वरची टोके कायमची एकत्र, खालची जमिनीला, आणि निवड फक्त सरकत्या हातांची. १०० के ची दोन पॉट अशी शेजारी जोडली की वर्धकाला ५० के चा भार दिसतो, तो चालतो. तिसरी रांग हिरव्या व तांबड्या दिव्यांना. एकही रांग वाया गेली नाही. वडिलांना असा काटकसरीपणा आवडला असता.

एक बारकावा शिकविणाऱ्यांच्याही उपयोगाचा. आवाज पटीत वाढला तरी कान तो पायरीपायरीनेच मोजतो; म्हणून आवाजाच्या पॉटची पट्टी सारखी नसून चढती असावी लागते. ‘ए’ अक्षराची ती चढती, ‘बी’ अक्षराची सारखी. ‘बी’ वापरले तर बटण जरासे फिरविताच सारा आवाज येतो आणि पुढच्या फिरण्याला अर्थ उरत नाही. हुबळीहून आणलेली याची पॉट नेमकी ‘बी’ निघाली. त्याने प्रत्येकाच्या सरकत्या हातापासून जमिनीपर्यंत १५ के चा रोधक डाख देऊन बसविला. चाल पुष्कळ सुधारली.

राहिली गुणगुण. अडाप्टर लावला की पेटी मंद्रात गुणगुणे. मी हार्मोनियमवर तपासले: पांढरी पाचच्या किंचित वर. विजेची ५० कंपने अडाप्टरमध्ये दुप्पट होऊन १०० होतात, त्यांचा हा सूर. कुळगीच्या पलीकडे अंबिकानगरजवळ काळी नदीच्या पाण्यावर नागझरीचे वीजगृह चालते. तेव्हा ही गुणगुण तिथली घरचीच म्हणायची. गंमत अशी की ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले, तेव्हापासून कुळगीची आणि कोल्हापूरची गुणगुण एकाच सुरात आहे. भजनात मात्र ती नको; तिथे ९ व्होल्टची बॅटरी.

कार्तिकी एकादशीला मी तिथे होतो. पहिल्या गजराला त्याने पाय दाबला. नुसते ‘टक्’ झाले, तेही स्विचचे, कर्ण्यातले नव्हे. पखवाज चालूच राहिला. कुणी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. भजन संपल्यावर त्याला बजावणारे म्हातारे बुवा चहा पिता पिता म्हणाले, “आज तुझा तो डबा आणला नाहीस वाटतं?”

आता त्याला भैरवीसाठी तिसरी जागा हवी आहे. नऊ पायांत ती बसत नाही. फिरणाऱ्या स्विचला तीन जागा मिळतात, पण तो पायाने फिरत नाही. दुसरा स्विच आणि तिसरे पॉट त्याच ओळीत पुढे जोडावे, असे त्याच्या मनात आहे. डबा मोठा लागेल.