खुर्चीस प्रथम प्रवेश

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात १९७१ साली खुल्या झालेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा विस्तार सुमारे शंभर चौरस किलोमीटर असल्याने तेथील पाहुण्यांची मदार पुष्कळशी सामायिक बसगाड्यांवर असते. आणि त्या गाड्यांत चाकांच्या खुर्चीतील प्रवाशास कसे घ्यावे, हा दाक्षिण्याचा नसून कायद्याचा प्रश्न आहे. २६ जुलै १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी स्वाक्षरी केलेल्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्याखालील नियमावलीनुसार, बावीस फुटांहून लांब बसमध्ये खुर्च्या जखडण्यासाठी किमान दोन जागा, प्रत्येकी ३० इंच रुंद व ४८ इंच लांब, राखाव्या लागतात.

खुर्ची आधी का चढते, याचे कारण सरळ आहे: त्या जागेवरील घडीची आसने उचलून, खुर्ची वळवून, चालकाने तिची चौकट पट्ट्यांनी तळाशी आवळेपर्यंत आजूबाजूस मोकळीक लागते, आणि गर्दीने भरलेल्या गाडीत ती मिळणे केवळ अशक्य. रात्री आतषबाजी संपून रांगा लांबल्या म्हणजे हा अग्रक्रम पाहून कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतात. परंतु त्या दोन जागा आधीच भरलेल्या असल्या, तर उभ्याने जाणाऱ्यास जी गाडी सहज मिळते, तीच खुर्चीतील प्रवाशास डोळ्यांदेखत सोडून द्यावी लागते, ही गोष्ट कुरकुरणाऱ्यांच्या ध्यानी सहसा येत नाही.