बालकांतील मूत्राचा उलट प्रवाह आणि मूत्रपिंडाचे रक्षण

मूत्रपिंडात तयार झालेले मूत्र मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते व तेथून बाहेर पडते. हा प्रवाह एकाच दिशेने राहावा अशी शरीरात योजना असते. काही बालकांत मात्र मूत्राचा काही भाग मूत्राशयातून पुन्हा वर चढतो. या उलट प्रवाहाने मूत्रपिंडास अपाय कसा होतो व तो टाळण्यासाठी भर कोठे द्यावा, याविषयीचे मत गेल्या सहा दशकांत पुष्कळ बदलले आहे. त्या बदलाचा न्हावऱ्यासारख्या गावाशी काय संबंध पोहोचतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम रचनेचा विचार करू. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भित्तीतून तिरकस जाते आणि तिचा शेवटचा भाग आतील अस्तराखालून काही अंतर चालतो. मूत्राशय भरले की हा भाग दाबाने चेपला जाऊन वाट बंद होते. हे अंतर जन्मतः तोकडे असल्यास ही झडप नीट मिटत नाही. मूल वाढते तसे ते अंतरही वाढते. म्हणून सौम्य दोष पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून नाहीसा होतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या दोषाच्या पाच श्रेणी मानल्या आहेत. पहिलीत मूत्र केवळ मूत्रवाहिनीत चढते. पाचवीत मूत्रवाहिनी फुगून वेडीवाकडी झालेली असते.

१९६० साली इंग्लंडमध्ये हॉडसन व एडवर्ड्स यांनी मूत्रपिंडावरील व्रण आणि उलट प्रवाह यांचा संबंध क्ष-किरण चित्रांच्या आधारे दाखविला. झडप दुरुस्त केली की मूत्रपिंड वाचेल, असे अनुमान त्यावरून स्वाभाविक वाटले. पुढे रॅन्सली व रिस्डन यांनी १९७० नंतरच्या दशकात डुकरांवर प्रयोग केले. मूत्रपिंडाच्या दोन्ही टोकांशी असलेल्या संयुक्त अंकुरांची मुखे दाबाखाली मिटत नाहीत व तेथून जंतुयुक्त मूत्र आतील ऊतीत शिरते, असे त्यांना आढळले. व्रण बहुधा टोकांशीच का आढळतात, याचा उलगडा त्यामुळे झाला. मूत्र जंतुरहित असेल व मूत्राशयातील दाब फार वाढलेला नसेल, तर असे व्रण उठत नाहीत, हेही दिसून आले.

त्यानंतरच्या चाचण्यांनी हा विचार अधिक दृढ केला. शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविकाची अल्प दैनिक मात्रा यांची तुलना करता नव्या व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ६०७ बालकांवरील अमेरिकन चाचणीत दैनिक औषधाने संसर्गाची पुनरावृत्ती निम्म्यावर आली. व्रणांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. २०२३ साली युरोपातील २९२ अर्भकांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तीत संसर्ग ३५.६ टक्क्यांवरून २१.२ टक्क्यांवर उतरला, परंतु व्रणांत फरक पडला नाही आणि औषधास न जुमानणारे जंतू वाढले. शिवाय तीव्र श्रेणीच्या काही बालकांत मूत्रपिंडाची घडण जन्मापूर्वीच सदोष असते. त्यावर नंतरच्या कोणत्याही उपायाचा इलाज चालत नाही.

मग आपल्या हाती उरते ते संसर्ग वेळीच ओळखणे. ताप सुरू झाल्यावर उपचारास दोन-तीन दिवसांहून अधिक विलंब झाला, तर व्रणाची शक्यता वाढते. येथे न्हावऱ्याचा प्रश्न उपस्थित होतो. शिरूर-चौफुला रस्त्यावरील या गावी ग्रामीण रुग्णालय आहे व भोवती ऊसपट्टा आहे. खोकला नाही, जुलाब नाहीत, तरीही अंगात ताप आहे, अशा तान्ह्या मुलाला लघवीची जळजळ सांगता येत नाही. तपासणीपूर्वीच प्रतिजैविक दिले गेले, तर पुरावा नाहीसा होतो आणि 'साधा ताप' म्हणून प्रकरण मिटते. असे ताप वारंवार येऊन गेलेल्या मुलांपैकी काहींना पुढे उच्च रक्तदाब जडतो, तर क्वचित मूत्रपिंडच निकामी होते.

नमुना घेण्याची रीतही महत्त्वाची आहे. अंगास चिकटविलेल्या पिशवीतील मूत्रात त्वचेवरील जंतू मिसळतात. म्हणून मूल लघवी करीत असताना स्वच्छ पात्रात, किंवा आवश्यक तेथे नळीने, नमुना घ्यावा. शिरूर-दौंड भागातील उन्हाळ्यात तो उघड्यावर राहिला की जंतू झपाट्याने वाढतात. प्रयोगशाळा दूर असल्यास तो ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा. तेथे तो २४ तासांपर्यंत विश्वसनीय राहतो. बद्धकोष्ठ व लघवी तुंबवून ठेवण्याची सवय यांमुळे संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. शाळेतील स्वच्छतागृहाची स्थिती म्हणूनच या विषयाबाहेरची नव्हे.

गळिताच्या हंगामात बीड आदी जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे या पट्ट्यात येतात व हंगाम संपताच परततात. त्यांच्या मुलाच्या पहिल्या तापाची नोंद एका तालुक्यात आणि दुसऱ्याची दुसऱ्याच जिल्ह्यात राहते. दोन्ही एकत्र आल्याखेरीज रोगाची पुनरावृत्ती लक्षातच येत नाही. पालकांच्या हाती राहील अशी एक साधी नोंदपत्रिका हे अंतर कितपत भरून काढू शकेल, आणि तापलेल्या बालकांपैकी किती जणांचे मूत्र औषधापूर्वी तपासले जाते, हे दोन प्रश्न पदव्युत्तर अभ्यासकांनी हाती घेण्याजोगे आहेत. त्यांस खर्चिक यंत्रसामग्री लागत नाही; चिकाटीने केलेली मोजणी पुरते.