लाळग्रंथींवर उलटलेली प्रतिकारशक्ती

जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात तोंडाला कोरड पडणे स्वाभाविक असले, तरी पावसाळ्यातही पाण्याच्या घोटाशिवाय कळण्याची भाकरी गिळवत नसेल आणि डोळे सतत खुपत असतील, तर स्वीडिश नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये वर्णिलेल्या, मुख्यतः स्त्रियांना होणाऱ्या विकाराचा विचार करावा लागतो. एरवी विषाणूंविरुद्ध दिला जाणारा इंटरफेरॉन हा रासायनिक इशारा यात लाळग्रंथींमध्ये चालूच राहतो. त्यातून ‘बाफ’ हे प्रथिन वाढते, ते प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींना जगवते, आणि शरीरातल्याच ‘रो’ व ‘ला’ प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत राहिल्याने दाह धुमसत राहतो. ‘रो’विरोधी प्रतिपिंडे वारेतून गर्भापर्यंत पोहोचून क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून गरोदर स्त्रीने ही कोरड डॉक्टरांना अवश्य सांगावी.