हे घेईन कोन?

गाडगेबाबांच्या कीर्तनात प्रश्न बाबा विचारत आणि उत्तर श्रोत्यांना द्यावं लागे. एकेक उत्तर वदवून घेत बाबा माणसाला त्याच्याच बोलण्यात पकडत. अमरावतीचं विद्यापीठ आज त्यांचं नाव लावतं. अशा विद्यापीठांतल्या स्टार्टअप स्पर्धांमध्ये साधारण तोच खेळ चालतो. पोरं पाच-सात मिनिटं आपली कल्पना मांडतात, त्याला ‘पिच’ म्हणतात. मग परीक्षक सुरू होतात. बाजारपेठ, स्पर्धक, खर्च, वाढ असं बरंच काही विचारलं जातं, पण वऱ्हाडीत सांगायचं तर सगळा रोख एकाच प्रश्नावर असतो : “बापू, हे घेईन कोन?”

या प्रकाराचं मूळ अमेरिकेत आहे. विधी महाविद्यालयात लुटुपुटीचा खटला चालवतात, त्याला मूट कोर्ट म्हणतात. त्या धर्तीवर टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला १९८४मध्ये ‘मूट कॉर्प’ सुरू झालं, म्हणजे लुटुपुटीच्या कंपनीची खरीखुरी उलटतपासणी. याच विद्यापीठातल्या ‘डेल सोशल इनोव्हेशन चॅलेंज’ या स्पर्धेत २०१३ साली ६० हजार डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं ते मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या वैभव तिडके आणि त्यांच्या साथीदारांना. त्यांनी विजेशिवाय भाजीपाला सुकवणारं सौर यंत्र केलं होतं. पण शेतकऱ्याने सुकवलेला कांदा विकायचा कुणाला? म्हणून ही मंडळी यंत्र विकून थांबली नाहीत. गावातल्या बायकांनी माल सुकवायचा आणि कंपनीने तो विकत घेऊन खाद्य उद्योगांना पुरवायचा, अशी साखळी त्यांनी बांधली. २०२३मध्ये त्यांच्या ‘एस४एस टेक्नॉलॉजीज’ला अर्थशॉट पुरस्कार मिळाला.

आता आपल्याकडे या. समजा, अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या चार पोरांनी सोयाबीनचा ओलावा मोजणारा हातातला मीटर केला. विषय चोख आहे. सोयाबीन बाजार समितीत नेलं की ओलाव्यावरून भाव तुटतो. सरकारी खरेदीचा निकष १२ टक्के. २०२४च्या हंगामात तो १५पर्यंत सैल करावा लागला, यावरून दुखणं किती मोठं ते कळावं. पोरांचं पिच झकास होतं, टाळ्या पडतात. मग परीक्षक कागद ओढतात. तीन एकर, एकरी सहा क्विंटल धरा, म्हणजे अठरा क्विंटल. ओलाव्यापायी क्विंटलमागे शंभर रुपये कापले तर नुकसान अठराशेचं. तुमचा मीटर सहा हजारांचा. सगळी कपात वाचली तरी पैसे वसूल व्हायला तीन हंगाम पुरत नाहीत, आणि वापर वर्षातून एखादा दिवस. व्यापाऱ्याकडे स्वतःचा मीटर आहेच. मग घेईन कोन?

इथे बरीच पोरं चिडतात किंवा शेतकऱ्यांचं उत्पन्न दुप्पट करण्याचं भाषण देतात. दोन्हीला गुण नाहीत. हुशार टोळी घरी जाऊन हिशोब उलटा मांडते. मीटर विकायचाच नाही. गावात एकाने तो ठेवायचा आणि नमुन्याला वीस रुपये घ्यायचे. तीनशे नमुन्यांत मीटरची किंमत निघाली. व्यापारी हा आकडा मानणार नाही, हे मात्र पिचमध्ये आपणहून कबूल करावं. उपयोग वेगळाच आहे : माल आज गाडीत भरायचा की अजून दोन दिवस उन्हात पसरायचा, हे शेतकऱ्याला घरीच कळतं. गाडीभाडं देऊन, कपात सोसून कळण्यापेक्षा ते बरं.

याचा धडा अकोल्यात फार आधीच तयार आहे. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल घ्या. तूर विकायची आणि खायला डाळ विकत आणायची, हा आपल्याकडचा जुना आतबट्ट्याचा व्यवहार. गावातच डाळ करून देणारं छोटं यंत्र आलं, तेव्हा गिऱ्हाईक शोधत हिंडायची गरज नव्हती. ते पोतं घेऊन दारात उभं होतं.

स्पर्धेला उतरणाऱ्यांनी दोन सरकारी गोष्टी ठाऊक करून घ्याव्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६मध्ये नवसंशोधन, नवोपक्रम व साहचर्य या कामासाठी स्वतंत्र संचालकाची तरतूद आहे; तेव्हा ठोठावायला दार आहे. दुसरी गोष्ट पेटंटची, आणि ती पोरं हमखास विसरतात. यंत्राची युक्ती भर सभागृहात स्लाइडवर दाखवली की ती जगजाहीर झाली, आणि मग पेटंट अडचणीत येतं. आधी तात्पुरता अर्ज करून ठेवावा, त्यानंतर पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. व्यक्ती किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. तेवढ्यात आजकाल मित्राचा वाढदिवसही होत नाही.

बक्षिसाच्या रकमेवर फार जीव टांगू नये. खरा पैसा पुढच्या टप्प्यावर लागतो. २०२१च्या ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजनेत कल्पना सिद्ध करून दाखवायला २० लाखांपर्यंत अनुदानाची सोय केली गेली, तीही इन्क्युबेशन केंद्रामार्फत आणि नोंदणी झालेल्या कंपनीला. म्हणजे चाचणीचे आकडे हवेत. शहरातल्या मोबाइल ॲपवाल्याला अशी चाचणी दर आठवड्याला घेता येते. आपल्या पोरांनी स्पर्धा फेब्रुवारीत जिंकली तरी सोयाबीन घरी येणार ऑक्टोबरात. तोवर हरभरा आहे. ओलावा त्यालाही असतो, फक्त मीटर हरभऱ्यासाठी नव्याने जुळवून घ्यावा लागेल.