पंचनामा : घटनास्थळ ते न्यायालय

फौजदारी खटल्याचा निकाल देणाऱ्या न्यायाधीशाने गुन्ह्याची जागा बहुधा पाहिलेली नसते, आणि खटला उभा राहीपर्यंत ती जागा मूळ स्थितीत उरलेलीही नसते. जमिनीवरचे रक्त धुतले जाते, मोडलेले दार दुरुस्त होते, शेतातली पाऊलखूण पहिल्या पावसात नाहीशी होते. घटनास्थळ आणि न्यायालय यांमधील हे अंतर भरून काढण्यासाठी तपास अधिकारी त्या जागेचे आणि तेथे सापडलेल्या वस्तूंचे जे लेखी वर्णन पंचांसमक्ष, म्हणजे प्रकरणाशी संबंध नसलेल्या किमान दोन व्यक्तींच्या उपस्थितीत, तयार करतो, त्याला पंचनामा म्हणतात. महाराष्ट्रातील पोलीस तपासात त्याचे अनेक प्रकार रूढ आहेत : जागेचे वर्णन करणारा घटनास्थळ पंचनामा, मृतदेहाची स्थिती व त्यावरील जखमा नोंदवणारा इन्क्वेस्ट किंवा मरणोत्तर पंचनामा, वस्तू ताब्यात घेतल्याची नोंद करणारा जप्ती पंचनामा आणि आरोपीच्या अंगझडतीचा अटक पंचनामा. न्यायवैद्यक विज्ञान कितीही पुढे गेले, तरी प्रयोगशाळेत पोहोचणाऱ्या नमुन्याची विश्वासार्हता या कागदापासूनच सुरू होते.

घटनास्थळ पंचनाम्याची मांडणी ठरावीक असते. प्रारंभी पंचांची नावे, वय, धंदा व पत्ता, तारीख आणि सुरुवातीची वेळ येते. त्यानंतर जागा कोणी दाखवली हे लिहून तिच्या चतु:सीमा, म्हणजे पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस व उत्तरेस काय आहे ते नोंदले जाते. मग जागेचे तपशीलवार वर्णन, जप्त वस्तूंची यादी, संपल्याची वेळ आणि सह्या. सोबत जोडलेल्या कच्च्या नकाशात प्रत्येक वस्तूचे अंतर दाराच्या चौकटीचा कोपरा किंवा विजेचा खांब यांसारख्या न हलणाऱ्या दोन बिंदूंपासून मोजलेले असेल, तर ती वस्तू नेमकी कोठे होती हे पुढे केव्हाही काढता येते. छायाचित्रेही याच क्रमाने घेतली जातात : आधी दुरून संपूर्ण जागा, मग मधल्या अंतरावरून वस्तू व तिचा परिसर, आणि शेवटी मोजपट्टी शेजारी ठेवून वस्तूचे जवळून चित्र.

या लेखनाचा मुख्य नियम असा की डोळ्यांना दिसते तेवढेच लिहावे, त्यावरून काढलेला निष्कर्ष लिहू नये. समजा, ओसरीवर एक सुरा पडलेला आहे. ‘खुनासाठी वापरलेला रक्ताने माखलेला सुरा’ ही नोंद दोन ठिकाणी चुकते, कारण तो खुनासाठी वापरला हे न्यायालयाने ठरवायचे असते आणि डाग रक्ताचाच आहे हे प्रयोगशाळेने. लाकडी मूठ, मुठीसह एकूण लांबी, पात्याची लांबी आणि सर्वांत रुंद जागी रुंदी, पाते एका बाजूने धारदार की दोन्ही, मुठीजवळ ‘रक्तासारखे तांबूस डाग’, टोक कोणत्या दिशेला, ही नोंद मात्र सुरा न्यायालयात दाखवला जाईल तेव्हा वस्तूशी पडताळून पाहता येते. मापे शवविच्छेदन अहवालातील जखमेच्या खोलीशी व रुंदीशी जुळतात की नाही, हा प्रश्नही त्यामुळेच विचारता येतो.

नोंद झाल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही, आणि नोंदीनंतरही हातमोजे घातल्याशिवाय नाही. फ्रान्समधील ल्यों येथे १९१० साली पोलीस प्रयोगशाळा सुरू करणारे एडमंड लोकार्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व सांगते की दोन गोष्टींचा संपर्क आला की त्या एकमेकींवर काही ना काही खूण ठेवतात. आणि हे तत्त्व जसे गुन्हेगाराला लागू पडते तसेच जागेवर वावरणाऱ्या पोलिसालाही लागू पडते. रक्त मातीत मुरले असेल, तर ‘रक्तमिश्रित माती’ आणि जवळच्याच न डागाळलेल्या जागेवरची ‘साधी माती’ असे दोन नमुने स्वतंत्रपणे घेतले जातात. दुसरा नमुना तुलनेसाठी असतो, म्हणजे चाचणीत आढळलेला घटक डागातला की मूळ मातीतलाच हे त्यावरून कळते. फरशीवरील वाळलेला डाग ऊर्ध्वपातित पाण्याने किंचित ओलावलेल्या निर्जंतुक कापसावर टिपून घेतात. रक्ताळलेले कपडे सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवतात. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, तर कोंडलेल्या दमटपणामुळे जंतू व बुरशी वाढून डीएनए नष्ट होऊ लागतो. जळीत प्रकरणातील रॉकेल किंवा पेट्रोलचा वास असलेल्या वस्तूंची गरज नेमकी उलट असते : त्यातील द्रव्य उडून जाऊ नये म्हणून त्या हवाबंद डब्यातच ठेवाव्या लागतात.

पाकीट बंद झाल्यावर त्यावर पंचांच्या व अधिकाऱ्याच्या सह्यांचे लेबल लावून लाखेचे सील करतात. येथून ती वस्तू ‘मुद्देमाल’ होते आणि पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल रजिस्टरमध्ये तिला क्रमांक मिळतो. मुद्देमाल कारकुनाने ती कधी स्वीकारली, कोणत्या अंमलदाराने प्रयोगशाळेत नेली, तेथे कोणी घेतली, ही ताब्याची साखळी सलग असावी लागते. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे असून नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती, कोल्हापूर आदी ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. नमुना दाखल करून घेताना सील शाबूत आहे का आणि ते सोबत पाठवलेल्या सीलच्या नमुन्याशी जुळते का, हे तेथे प्रथम पाहिले जाते. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, ज्याला न्यायालयाच्या बोलीत ‘सी. ए. रिपोर्ट’ म्हणतात, पाकिटात काय आढळले एवढेच सांगू शकतो; पाकीट त्या ओसरीवरूनच आले, हे पंचनामा आणि साखळीनेच सिद्ध करावे लागते.

आरोपीने दाखवून दिलेल्या वस्तूंचा पंचनामा कायद्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. मात्र आरोपीने पोलीस कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट उघडकीस आली, तर त्या माहितीचा तिच्याशी थेट निगडित भाग ग्राह्य धरला जातो. जुन्या पुरावा कायद्यात ही तरतूद कलम २७ मध्ये होती, आता ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. ‘कडब्याच्या गंजीत लपवलेला कोयता काढून देतो’ हे शब्द चालतात, पण ‘ज्याने मी त्याला मारले’ ही पुस्ती चालत नाही. पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने आखून दिलेली ही मर्यादा आजही पाळली जाते. म्हणून आधी ठाण्यात पंचांसमोर निवेदनाचा पंचनामा आणि नंतर प्रत्यक्ष जागेवर जप्तीचा पंचनामा, असा क्रम असतो.

एवढे करूनही पंचनामा हा स्वतंत्र पुरावा ठरत नाही. पंचाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन आपण काय पाहिले ते शपथेवर सांगावे लागते; पंचनामा त्या साक्षीला पुष्टी देतो आणि स्मरणाला आधार देतो. दुबळेपणा नेमका येथे आहे. अनेक पंच फितूर होतात, ‘पोलिसांनी सांगितले म्हणून सही केली’ असे सांगतात. काही जण अनेक प्रकरणांत पोलिसांच्या हाताशी असलेले ‘नेहमीचे पंच’ निघतात आणि उलटतपासणीत त्यांची साक्ष टिकत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून घेण्याचा मार्ग यासाठीच चोखाळला गेला. परंतु त्याने साक्षीदाराची हजेरी सुकर होते, निरीक्षणाचा दर्जा आपोआप वाढत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या पद्धतीत मोठा बदल केला. कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे अपेक्षित असून, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. मुद्रित फाइल न्यायालयात दाखल करताना तिचे ‘हॅश’ मूल्य प्रमाणपत्रात द्यावे लागते. फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेली ही अक्षरांची व अंकांची मालिका फाइलमध्ये किंचितही फेरफार झाल्यास बदलते. चित्रणामुळे पंच खरोखर हजर होता का, हा जुना वाद बराच कमी होईल. मात्र कॅमेऱ्याला डाग दिसतो, साधी माती घ्यायची राहिली हे दिसत नाही. चुकीच्या पिशवीत भरलेला कपडा उत्तम चित्रणानेही वाचत नाही. तंत्रज्ञान पंचनाम्याची जागा घेणार नाही, ते त्याच्यातील हयगय अधिक उघडी पाडील.

ती हयगय टाळण्याची जबाबदारी जशी पोलिसांची तशीच नागरिकांचीही आहे. लेखी आदेशाने झडतीसाठी पंच म्हणून बोलावल्यावर सबळ कारणाविना नकार देणे हा कायद्याने अपराध आहे. पण शिक्षेच्या धाकापेक्षा महत्त्वाचे हे की एका सहीवर कोणाची तरी सुटका किंवा जन्मठेप अवलंबून असू शकते. पंच होण्याची वेळ आली, तर जावे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, कागद पूर्ण वाचावा, न पाहिलेले त्यात आले असल्यास दुरुस्ती करून मागावी, आणि कोऱ्या कागदावर कोणत्याही परिस्थितीत सही करू नये.