डुक्कर फियाट आणि तिचा उस्ताद

बडोद्यात जुन्या मोटारींचे प्रदर्शन म्हटले, की प्रथम राजवाडा डोळ्यांपुढे येतो. ते साहजिकच आहे. २०२३ सालच्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात देशभरातील जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता आणि त्याचे कौतुकही पुष्कळ झाले. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने अगदीच घरगुती आहे. गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी सकाळी काही हौशी मंडळींनी शहरातील एका मैदानावर आपापल्या गाड्या आणून उभ्या केल्या होत्या, एवढेच. तिकीट नाही, परीक्षक नाहीत, बक्षिसे नाहीत. चहाची किटली फिरत होती, कोपऱ्यावर सेव-उसळीची गाडी लागली होती, आणि आपल्या दांडिया बाजार-रावपुऱ्याकडची ओळखीची मंडळी पोराबाळांसह हिंडत होती.

मैदानात एकही रोल्स-रॉईस नव्हती, हे बरेच झाले. रोल्स-रॉईसकडे माणूस दुरून पाहतो; अँबॅसॅडरचे दार मात्र तो उघडून बघतो. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होत राहिलेली ही गाडी तेथे पाच-सहा रंगांत उभी होती. तिच्या आधीची लँडमास्टर होती, महिंद्रांची जीप होती, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड होती. हेरल्डचे बॉनेट पुढच्या मडगार्डांसह सबंध पुढे कलंडते. तिच्या मालकाला ते उघडून दाखवण्याची इतकी हौस, की मुलांची रांग संपेना.

सर्वांत अधिक गर्दी होती ती एका राखाडी फियाटपाशी. ही १९५४ नंतर आपल्याकडे आलेली ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमिअर कंपनीने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. तिच्या बसक्या, गुबगुबीत बांध्यावरून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' असे नाव दिले, आणि या नावात तुच्छतेपेक्षा लाडच अधिक आहे. हिची पुढची दारे उलटी, म्हणजे बिजागरी मागे आणि दार उघडते पुढून. पुढे १९६४ च्या सुमारास सरळ दारे आली. एक आजी दारापाशी थांबून आपल्या सुनेला म्हणाल्या, "अगं, नऊवारी नेसून चढायला हेच दार सोयीचं. नंतरच्या गाडीत पदर अडकायचा." हा मुद्दा मोटारीवरच्या कुठल्याही पुस्तकात निदान मला तरी आढळलेला नाही.

गाडीचे मालक दांडिया बाजारातील सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. त्यांच्या वकील वडिलांनी कित्येक वर्षे नंबर लावून ती घेतली. तिच्यातून दोन वराती निघाल्या. पावागडच्या किती खेपा झाल्या, त्याची गणती नाही. नाशिकला जाताना सापुताऱ्याच्या घाटात रेडिएटर उकळला, तेव्हा सगळे कुटुंब झाडाखाली बसून तिखट-मिठाच्या पुऱ्या खात होते, ही हकीकत त्यांनी आमच्यादेखत तिघांना सांगितली आणि प्रत्येक वेळी पुऱ्यांची संख्या वाढत गेली. आता मुलगा परदेशी आहे. मुंबईचे एक गिऱ्हाईक वारंवार फोन करीत असते. गाडी ठेवायची की द्यायची, हा प्रश्न घरात अजून सुटलेला नाही.

या प्रश्नाला कायद्याचीही एक बाजू आहे. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे होऊन गेलेल्या खासगी गाडीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद करता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, शुल्क २०,००० रुपये पडते आणि नोंदणी दहा वर्षे चालते. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोलसाठी किंवा दुरुस्तीसाठी बाहेर काढता येते, रोजच्या वापराला नाही. येथवर ठीक आहे. परंतु सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशीही अट आहे. शेजारच्या अँबॅसॅडरचा मालक यावर कडवट हसला. पेट्रोल महागले, तेव्हा त्याच्या वडिलांनी काटकसर म्हणून तिला डिझेलचे इंजिन बसवले. असे त्या काळी हजारो मध्यमवर्गीयांनी केले. ज्या काटकसरीमुळे गाडी घरात टिकली, तीच आता तिला वारसा ठरू देत नाही. नियम करणाऱ्यांपुढे राजवाड्यातल्या गाड्या असाव्यात, दांडिया बाजारातल्या नसाव्यात, असे आम्हांस वाटते.

मैदानावर खरा मान मात्र कोणत्याच मालकाला नव्हता. तो होता एका म्हाताऱ्या मिस्त्रीला. सगळे त्याला उस्ताद म्हणत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग "तिसरा टॅपेट सैल आहे" असा निकाल. त्याची सध्याची मोठी तक्रार पेट्रोलविषयी आहे. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर आले. ते जुन्या रबराला सोसत नाही. नळ्या फुगतात, पंपातला पडदा कुजतो. उस्ताद खिशात अशा कुजलेल्या पडद्यांची पुडीच बाळगून होता आणि औषध विकणाऱ्याच्या ऐटीने ती उघडून दाखवीत होता. नवे पडदे कोणत्या रबराचे घ्यावेत, कार्ब्युरेटरची कोणती जेट किती मोकळी करावी, हे सारे त्याच्या डोक्यात आहे. कागदावर काहीही नाही. मुले या धंद्यात नाहीत. "आता गाड्यांना लॅपटॉप लावतात, कान लावत नाहीत," एवढेच तो म्हणाला, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, ते हातातले कसब शिकवण्यासाठीच. त्याच कलाभवनाचे, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेचे, चार विद्यार्थी मैदानावर मोबाइलवर फोटो काढीत होते. त्यांनी चार रविवार उस्तादापाशी वही घेऊन बसावे, असे सुचवून पाहिले. तिघे हसले. चौथी, म्हणजे फियाटवाल्या गृहस्थांचीच नात, हसली नाही. तिने पडद्याची पुडी मागून घेतली आणि एकेक पडदा उजेडात धरून पाहिला.

ऊन चढले तशा गाड्या निघू लागल्या. फियाटचा सेल्फ नेमका तेव्हाच रुसला. गृहस्थांनी डिकीतून हँडल काढले, पण उस्तादाने ते नातीच्या हाती दिले. "अंगठा मुठीत गुंडाळू नकोस, बेटा. बोटांच्या बाजूलाच ठेव. इंजिन उलटं मारलं तर अंगठा जातो. आणि खालून वर ओढायचं, वरून दाबायचं नाही." पहिल्या दोन खेपांना नुसती धाप ऐकू आली. तिसऱ्या खेपेला उस्तादाने चोक थोडा आत ढकलला. चौथ्या खेपेला गाडी धडधडली, आणि सेव-उसळीच्या गाडीवरचे लोकही वळून पाहू लागले.